गेनबाच्या बत्तीस नोटांतला मी

मित्रांनो, खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं आणि दोनदा थांबलो. आपली गोष्ट सांगायची म्हटलं की जो तो आधी आपलं कौतुक सांगतो. माझ्याकडे कौतुक फार थोडं. आणि ज्याने मला जिवापाड जपलं त्याचीच चूक मला सांगावी लागणार. म्हणून गप्प होतो. आता गप्प बसवत नाही.

मी एक जुना, वापरलेला दिनार आहे. इराकचा. पंचवीस हजारांची नोट. आकडा ऐकून डोळे मोठे करू नका, सगळा घोळ त्या आकड्यानेच केला. मी पुण्यात आलो तेव्हा माझ्या बदल्यात तुमचे आठशे रुपयेही धड आले नसते.

मराठी मला कुणी शिकवली नाही. मार्केट यार्डात एका माणसाच्या खिशात बसून, ऐकून ऐकून शिकलो. त्यामुळे माझी भाषा तशीच आहे, खिशातली. चालवून घ्या.

माझ्या देशात लढाई झाली, जुन्या नोटा बाद झाल्या आणि आम्ही नवे आलो. परदेशात छापलो, विमानातून घरी पोचलो. माझ्या एका अंगावर गव्हाची पेंढी कवेत घेतलेली शेतकरीण आहे, तिच्या मागे ट्रॅक्टर. दुसऱ्या अंगावर फार जुन्या काळचा एक राजा.

पहिली दोन वर्षं मी खूप चाललो. एका म्हाताऱ्याने मला देऊन मेंढी घेतली. मेंढीवाल्याने घरभाडं दिलं. घरमालकाच्या लेकीने शिलाई मशीन घेतलं. एका बाईने माझ्या चार घड्या घालून मला बाळाच्या दुपट्यात लपवलं होतं, तिथे मला दुधाचा वास लागला. एका ट्रकवाल्याने घाईत माझ्या कोपऱ्यावर फोन नंबर लिहिला. मी मळलो, चुरगळलो, कडा मऊ पडल्या. पण मजेत होतो. नोटेचं सुख काय असतं सांगू? ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा दोन्ही माणसं खूश असतात.

तोच ट्रकवाला मला सरहद्दीपार कुवेतला घेऊन गेला. तिथून एका कामगाराच्या बॅगेतून मी मुंबईला आलो आणि मुंबईहून पुण्याला. पुण्यात माझं चालणं संपलं.

तेव्हा पुण्यात बाणेरकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत ऋषी नावाचा पोरगा कॉल सेंटरला होता. अमेरिकेतल्या लोकांचे प्रिंटर बिघडले की ते फोन करायचे आणि हा इथून दुरुस्त करायचा. वय तेवीस, कानात सदा फोन. त्याचे मामा मच्छिंद्र. हे वारज्याचे. वारजे खेडं होतं तेव्हापासूनचे. जमीन बिल्डरने घेतली, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि मच्छिंद्रच्या वाट्याला दोन खोल्या आणि थोडे पैसे आले. ते मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर तोलणार होते. तोलणार म्हणजे काट्यावर पोती टाकून वजन सांगणारा. त्यांनी सांगितलेल्या वजनावर शेतकरीही भांडायचा नाही आणि व्यापारीही. वीस वर्षांत मच्छिंद्रच्या काट्यात खोट निघाली नव्हती.

आणि गेनबा. गेनबा त्याच गाळ्यांवर हमाल. मच्छिंद्रने वजन सांगायचं आणि गेनबाने पोतं पाठीवर घ्यायचं, असं वीस वर्षं चाललं होतं. दोघांचा डबाही एकत्र.

मी पहिल्यांदा गेनबाला बघितलं ते एका दुपारी, पोत्यांच्या थप्पीला टेकून तिघे बसले होते तेव्हा. ऋषीने मला पाकिटातून काढून मामांच्या हातात दिलं.

"मामा, ही बघा. पंचवीस हजार."

"कुठल्या देशाची?"

"इराकची. अहो, डलासची एक बाई आहे, तिचा प्रिंटर अडकला होता. मी काढून दिला तर खूश झाली. म्हणाली, मी दिनार घेऊन ठेवलेत, तू पण घे. मग मी सर्च मारला. अमेरिकेत लाखो लोक घेतायत, मामा. तिथे तेल आहे. सरकार जागेवर आलं की करन्सी वर जाणार. कुवेतची तशीच गेली होती म्हणतात. एका दिनारला तीन डॉलर!"

"म्हणजे ह्या एकीचे किती?" मच्छिंद्रने विचारलं.

ऋषीने मोबाईलवर हिशोब केला आणि मोबाईलच समोर धरला. "तेहतीस लाख."

गेनबाने भाकरीचा घास तसाच हातात धरला. "एका नोटंचं?"

"एका नोटेचे, गेनबाकाका."

"आन् आज केवढ्याला?"

"तेराशेला देतोय माझा माणूस. कोऱ्या हव्यात तर सतराशे. ह्या वापरलेल्या आहेत ना, म्हणून स्वस्त."

मच्छिंद्रने मला उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, कोपऱ्यावरचा फोन नंबर वाचला आणि मान हलवली. "वापरलेलीच बरी. कोरी नोट काय, कुणीही छापेल. ही चाललेली आहे. दहा माणसांनी हातात घेऊन बघितलेली आहे. म्हणजे खरी आहे."

माणूस हुशार होता, बघा. माझ्याबद्दल बोलला ते बरोबरच होतं, मी खरा होतो. पण मी खरा आहे म्हणजे माझं स्वप्नही खरं, असं त्यांनी धरलं.

गेनबाने मला हातात घेतलं. त्याचा अंगठा पोत्याच्या सुतळीने चिरलेला होता. त्याने माझ्यावरच्या शेतकरणीकडे बराच वेळ पाहिलं. "ही बाई पण वजन धरून उभी हाय," म्हणाला. "हिला कुणी सांगितलं न्हाई का, ठेव म्हणून?"

ते हसले. मला मात्र तो माणूस तिथेच आवडला.

आता गेनबाचं सांगतो, कारण माझी गोष्ट खरं तर त्याचीच आहे. त्याची पाठ गेली होती. डॉक्टरने फोटो काढून सांगितलं होतं की मणक्यातली गादी झिजलीय, पोती बंद कर, नाहीतर एक दिवस पाय काम करायचे थांबतील. गेनबाने त्यावर उपाय शोधला होता. कोंडीराम नावाचा एक टेंपोवाला आपला निळा तीनचाकी टेंपो विकणार होता, बेचाळीस हजारांना. गेनबा आणि त्याची बायको शकू यांनी सात वर्षांत तेवढे जमवले होते. शकू त्याच यार्डात कांदे निवडायची. टेंपो आला की गेनबा माल वाहणार, पण चाकांवर. पाठीवर नाही. एवढंच त्याला हवं होतं. कोंडीरामला त्याने तोंडी सांगूनही ठेवलं होतं.

"टेंपो पुढच्या वर्षी घे," मच्छिंद्र म्हणाले. "एक वर्ष थांब फक्त."

"डॉक्टर म्हनतो, थांबू नको."

"अरे गेन्या, आपण काय बघतो इथे रोज? कांदा निघाल्या निघाल्या विकतो तो रडतो. चाळीत घालून चार महिने थांबतो तो बंगला बांधतो. आणि कांदा सडतो तरी. नोट काय सडते?"

गेनबाने विचार केला. मच्छिंद्रने सांगितलेलं वजन त्याने वीस वर्षांत कधी पुन्हा तोलून बघितलं नव्हतं.

"तू घेनार?"

"मी दहा घेतोय."

"मंग माझ्या पैशात येतील तेवढ्या आन. मला तेहतीस लाख नको बाबा. एक टेंपो, आन् शकूला कांद्यातनं उठवायचं. बाकीचं तुमी दोघं घ्या."

बत्तीस नोटा आल्या. ऋषीच्या पाकिटातला मीही त्यांतच आलो. गेनबाच्या वस्तीतल्या खोलीचे पत्रे गळायचे, उंदीर होते, म्हणून तो म्हणाला, "तुझ्याकडंच ठेव." मच्छिंद्रने आम्हाला वारज्याच्या घरी नेलं, स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि डबा गोदरेजच्या कपाटात. कोंडीरामचा टेंपो दुसऱ्या कुणीतरी घेतला. तो रोज यार्डात यायचा. गेनबा पाठीवर पोतं घेऊन त्याला वाट द्यायचा.

मित्रांनो, त्या काळात माझं फार कौतुक झालं. लक्ष्मीपूजनाला आम्हाला पाटावर मांडलं. मच्छिंद्रच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, हळदकुंकू घेतलं आणि अडल्या. "अहो, ह्या बाईला लावू का? कोणाची कोण आहे!" मच्छिंद्र म्हणाले, "लाव. आता घरातलीच आहे." आणि माझ्या शेतकरणीच्या कपाळावर कुंकू लागलं. लाह्या-बत्तासे समोर. शेजारचे येऊन बघून गेले. असा मान मला माझ्या देशातही मिळाला नव्हता. पण खरं सांगतो, मला त्या मेंढीवाल्याची आठवण येत होती. डब्यात काहीच घडत नाही.

दर काही हलला नाही. मच्छिंद्र दर रविवारी ऋषीला फोन करायचे. "काय म्हणतंय?" ऋषी म्हणायचा, "मामा, नेटवरच्या फोरमवर टाकलंय, ह्या महिन्यात होणार." महिना जायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याने स्वतःच्या पगारातून वीस नोटा घेतल्या होत्या. पुढे त्याची हैदराबादला बदली झाली आणि फोन कमी झाले.

दुसऱ्या पावसाळ्यात मच्छिंद्रने डबा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. भिंतीला ओल आली होती. आमच्यातल्या एकाच्या कडेला कसर लागली होती, बारीक कुरतडल्यासारखं. दोघांच्या अंगावर पांढरी बुरशी. मच्छिंद्रने आम्हाला पंख्याखाली मांडलं, मऊ फडक्याने पुसलं. सारखं म्हणत होते, "गेन्याच्या आहेत गं ह्या. माझ्या असत्या तर एक वेळ चाललं असतं."

दुर्गाबाई म्हणाल्या, "रेशनकार्डाला केलं तसं करून घ्या ना."

आणि ते आम्हाला, स्वतःच्या दहा नोटांसकट, गुलटेकडीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले. तुमच्याकडे ही पद्धत आहे. जे जपायचं ते प्लास्टिकात घालायचं. दाखला, मार्कशीट, रेशनकार्ड, देवाचा फोटो. दुकानदाराने विचारलं, "काका, नोटा करायच्यात? नक्की?"

"सगळ्या. बुडबुडा राहायला नको."

"एकदा झालं की निघत नाही हां परत."

"निघायला कशाला पाहिजे? जपायच्याच आहेत."

मला तो क्षण नीट आठवतो. प्लास्टिकच्या दोन पानांमध्ये मला ठेवलं आणि गरम रुळांमधून ढकललं. अंगभर चटका बसला. मग सगळं गुळगुळीत झालं. दुधाचा वास, घामाचा वास, कुंकू, फोन नंबर, सगळं आत राहिलं. बाहेर आलो तेव्हा मच्छिंद्रने मला हातात धरलं, पण त्यांच्या हाताची ऊब मला लागली नाही.

ते किती खूश होते! म्हणाले, "आता शंभर वर्षं काही होत नाही."

त्याच दिवाळीनंतर एका सकाळी गेनबा काट्यापाशी येऊन उभा राहिला. पोतं न घेता.

"मच्छिंद्रा, रातच्याला डावा पाय बधिर पडतुया. मला आता थांबवत न्हाई. तेहतीस लाख जाऊ दे. येतील तेवढ्याला त्या नोटा देऊन टाक. टेंपोला डाऊन पेमेंट भरतो."

"करतो," मच्छिंद्र म्हणाले. "लगेच करतो."

त्यांनी ऋषीला फोन लावला. ऋषीने मुंबईतल्या त्याच्या नोटावाल्या माणसाला विचारलं. माणूस तयार होता, एकीचे हजार देणार होता. बत्तीस हजार. टेंपोच्या पहिल्या हप्त्याला पुरून उरले असते. मच्छिंद्र आम्हाला पिशवीत घालून मुंबईला गेले. त्या माणसाने पिशवी उघडली, एक नोट काढली, टेबलावर टकटक वाजवली आणि हसला.

"काका, हे काय केलंत?"

"जपल्यात. खराब होत होत्या."

"ह्या मशीनमध्ये जात नाहीत. कागद हाताला लागत नाही, खरी-खोटी कशी बघणार? प्लास्टिकातली नोट कुणी घेत नाही. बुरशी लागलेली आणली असतीत तरी शंभर कमी करून घेतली असती."

"काढून देतो प्लास्टिक."

"काढा आणि आणा."

घरी आल्यावर मच्छिंद्रने दार लावून घेतलं आणि इस्त्री तापवली. ब्लेड घेतलं. स्वतःच्या नोटांपैकी एक आधी घेतली, हे मला सांगितलंच पाहिजे. गेनबाच्या नोटांना आधी हात लावला नाही. प्लास्टिक उचकटलं तसा कागदच दोन पापुद्र्यांत सुटला. एकीकडे शेतकरीण, दुसरीकडे राजा. दुसरी घेतली, ती मधून फाटली. तिसरी तशीच. मग इस्त्री बंद केली आणि फरशीवर बसून राहिले. दुर्गाबाई दार वाजवत होत्या, "अहो, कसला वास येतोय?"

मित्रांनो, इथपर्यंत झाली ती चूक होती. कुणाच्याही हातून होईल. भलं करायला गेले आणि झालं. पुढचं मात्र चूक म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गेनबाने विचारलं, "झालं का काम?"

मच्छिंद्र काट्याकडे बघत म्हणाले, "तो माणूस म्हणतो, आत्ता विकू नका. होळीपर्यंत वर जातंय."

वीस वर्षांत पहिल्यांदा मच्छिंद्रने वजन चुकीचं सांगितलं.

"होळीपतुर?"

"होळीपर्यंत."

"बरं," गेनबा म्हणाला आणि वाकला. पोतं पाठीवर घेतलं.

त्या दिवसापासून मच्छिंद्र मला शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. बाकीचे डब्यात, मी एकटा खिशात. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, टोचत राहावं म्हणून. प्लास्टिकचे कोपरे टोकदार असतात.

होळी गेली. मग पाडवा झाला, दसरा झाला. प्रत्येक वेळी नवा दिवस सांगितला. शरम मोठी वाईट. आज सांगितलं नाही की उद्या सांगणं दुप्पट अवघड होतं. त्यांनी दुसरं मात्र बरंच केलं. गेनबाला पाठीचा पट्टा आणून दिला. तेल आणलं. ओळखीच्या व्यापाऱ्यांना सांगून वाळलेल्या मिरचीची पोती त्याच्या वाटणीला घालायला लागले, कारण ती हलकी असतात. बाकीचे हमाल काय सोडतात होय!

"काय गेनबा, मिरचीचे जावई झाला का?"

"आरं, त्येचं दिनार हायेत बाबा परदेशात. आपल्यासारखा न्हाई त्यो. उद्या ह्यो यार्ड इकत घील!"

गेनबा हसायचा आणि हट्टाने बटाट्याचं पोतं उचलायचा. म्हणजे मच्छिंद्रने हलकं केलेलं ओझं टोमण्यांनी पुन्हा जड केलं. शकू कधी काट्यापाशी आली की विचारायची, "भावजी, दर काय म्हनतोय?" खिशात मला मच्छिंद्रच्या छातीचे ठोके ऐकू यायचे. ते म्हणायचे, "चाललंय वहिनी, चाललंय." ती मान हलवून कांद्यांकडे परत जायची.

एक बेत त्यांनी केलाही होता. आपलं सगळं मोडून गेनबाला टेंपो घेऊन द्यायचा. पण घरावर स्लॅब टाकला होता, त्यात सगळं गेलं होतं. स्कूटर विकायची म्हणून दोनदा गिऱ्हाईक आणलं आणि दोनदा परत पाठवलं. घरी कारण काय सांगायचं?

दोन वर्षं. पूर्ण दोन वर्षं.

फेब्रुवारी होता. तळेगावकडून बटाट्याची गाडी आली होती. ट्रकला फळी लावलेली. गेनबाने पोतं घेतलं, फळीवरून तीन पावलं खाली आला आणि बसला. पडला नाही, बसला. पोतं बाजूला घरंगळलं. मच्छिंद्र धावत गेले. गेनबा आपल्या पायांकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"मच्छिंद्रा," तो म्हणाला, "माझं पाय कुठं गेलं?"

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. पाय आले नाहीत. दीड महिन्याने त्याला घरी आणलं आणि वस्तीतल्या खोलीत खाटेवर ठेवलं. त्या दिवशी मच्छिंद्र डबा घेऊन आले. शकू नळावर गेली होती. मी खिशात होतो, माझे भाऊ डब्यात.

गेनबाने डबा बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "आनल्यास? बघू दे. किती वर्षं झाली, बघितल्या न्हाईत."

मच्छिंद्रने डबा त्याच्या छातीवर ठेवला. गेनबाने एक नोट काढली, बोट फिरवलं. प्लास्टिक करकरलं. त्याने दुसरी बघितली, तिसरी बघितली.

"अरारा, काय झ्याक ठेवल्यास रं! आमच्या खोलीत असत्या तर उंदरानं खाल्ल्या असत्या. बरं झालं तुझ्याकडं दिल्या. मानूस असावा तर असा."

मी इतका चाललो, इतक्या हातांत गेलो, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. मच्छिंद्र खाटेशेजारी खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, मुंबईचा माणूस, इस्त्री, होळी. काही गाळलं नाही.

गेनबा पत्र्याकडे बघत म्हणाला, "म्हंजी ह्याचं काय येतंय?"

"काही नाही."

"सगळ्यांचं मिळून?"

"काही नाही, गेन्या."

"च्या पन न्हाई?"

"चहा पण नाही."

तो हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. कमरेपासून खालचं अंग वळेना, म्हणून नुसतं डोकं वळवलं. भिंतीकडेच बघत म्हणाला, "शकूला नको सांगू. तिला वाटतंय, मी पडून असलो तरी डब्यात काय तरी हाय. तेवढ्यावर ती सकाळी उठती."

"नाही. ते नाही करणार. दोन वर्षं तेच केलं मी."

"मी सांगतोय ना तुला!"

"तू सांगितलंस तरी नाही."

शकू हंडा घेऊन आत आली. मच्छिंद्रने तिला सांगितलं. उभं राहून, तिच्याकडे बघून. तिने हंडा खाली ठेवला, पदराने हात पुसले.

"तुमाला कधीपास्नं ठाऊक होतं, भावजी?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं ह्यांनी पोती वाहिली."

एवढंच. डबा उचलून तिने त्यांच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. मच्छिंद्रने जाताना मला खिशातून काढलं आणि गेनबाच्या उशाशी ठेवलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित खिशात मला ठेवायची त्यांची हिंमत संपली असेल.

त्यानंतर त्यांनी स्कूटर विकली. ते पैसे शकूने घेतले, पण त्यांच्याकडे न बघता. ते दर शनिवारी, यार्ड बंद असतं तेव्हा येतात, गेनबाला उचलून बाहेर खुर्चीवर बसवतात, आंघोळ घालतात, पायांना तेल लावतात. पहिले काही महिने शकूने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. अजून "भावजी" म्हणत नाही. ती अजून कांदे निवडते. दर? माझा दर तसाच आहे. ऋषी एकदा येऊन गेला, गेनबाचे पाय धरून रडला. गेनबा म्हणाला, "धर, धर. मला काय कळायचं न्हाई." आणि मग स्वतःच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी कुठल्या तोंडाने सांगू? मला फार जपलं. इतकं जपलं की मी कामाचा राहिलो नाही. गेनबाला जपायचं होतं. त्याला एक खरं वाक्य हवं होतं, होळीच्या आधी, काट्यापाशी. तेव्हा सांगितलं असतं तर तो रडला असता, शिव्या दिल्या असत्या, कदाचित मैत्री तुटली असती. पण त्याने दुसरं काही काम बघितलं असतं. तो आज चालत असता. तुमच्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याच दिवशी जाऊन सांगा. त्याच्यासाठी तेल आणि पट्टा नंतर आणा.

दुपारी शकू कामावर असते. वस्तीत सामसूम होते आणि मग गेनबा माझ्याशी बोलतो. दुसरं कोण आहे ऐकायला? मला हातात घेतो, प्लास्टिकवरून अंगठा फिरवतो, आपल्या गावच्या विहिरीचं सांगतो, पहिलं पोतं उचललं त्या दिवसाचं सांगतो. परवा म्हणाला, "तू बरा हायेस गड्या. तू काय बोलत न्हाईस. मी मेल्यावर तुला कोन तरी उचलंल, परत इचारंल, ह्याचं किती येतील म्हनून. आन् माझं नाव कुनाला ठाऊक नसंल."

मला तोंड असतं तर तेव्हाच बोललो असतो. आता बोलतो.

गेनबा, मी कुणाच्याही हातात गेलो, कुणीही मला उजेडात धरून किंमत विचारली, तरी मी आधी तुझं नाव सांगीन. आकडा नंतर.